मोटारीचीं चाकें आणि त्यांचीं मापें

सोलापूर शहराचा मोटारीशीं असलेला संबंध केवळ रस्त्यावरचा नाहीं. हिंदुस्थानांत मोटारी बनविण्याचा उद्योग उभा करणाऱ्या पहिल्या मंडळींपैकीं शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं याच शहरांत झाला, आणि त्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची पद्मिनी ही गाडी पुढें कित्येक वर्षें मध्यमवर्गीय घराचें भूषण होऊन राहिली. त्या गाडीचें चाक आज कोणी पाहिलें तर त्यास तें अगदींच कृश वाटेल. टायरची रुंदी ५.२० इंच, म्हणजे सुमारें १३२ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १४ इंच. त्याच्या भोंवतींचें मडगार्ड मात्र ऐसपैस. त्यामुळें चाक पत्र्याला घासतें म्हणजे काय, हा प्रश्न त्या गाडीच्या मालकास क्वचितच पडला.

आजच्या चपळ गाडीची गोष्ट निराळी आहे. तरुण मंडळी जिला स्पोर्टी म्हणतात, तिचें रूपच मुळीं चाकानें भरलेल्या कमानीवर अवलंबून असतें. गाडी जमिनीलगत, रिम मोठी, टायर रुंद, त्याची भिंत आंखूड, आणि टायर व पत्रा यांच्यांतील फट दोन-तीन बोटांची. कंपनीचे अभियंते ही फट मिलिमीटरांनीं मोजून ठरवितात. कारण खड्ड्यांत चाक वर उचललें जाणें, वळणावर तें तिरकें होणें, पांच माणसांच्या भारानें गाडी खालीं बसणें, हें सारें त्या फटींतच सामावून घ्यावयाचें असतें. मालक मात्र गाडी घरीं आल्यावर सहा महिन्यांच्या आंत दुकानांत जातो आणि याहून मोठें चाक मागतो. त्याची हौस अगदींच अनाठायीं असते असें नव्हे. रुंद टायर कोरड्या रस्त्यास वळणावर अधिक घट्ट धरून राहतो, आंखूड भिंतीचा टायर स्टिअरिंगच्या हुकुमास लवकर उत्तर देतो, आणि गाडी देखणी दिसते हें कारण नाकारण्यांत तर कांहींच अर्थ नाहीं. चूक हौसेंत नसते. ती मापांत असते.

समजा, सोलापुरांतील एका घरीं स्विफ्ट गाडी आहे. चिरंजीवांनीं हौसेनें सतरा इंची रुंद रिमा आणि त्यांवर रुंद टायर बसवून आणले. दुकानाच्या फरशीवर गाडी उभी होती, आंत कोणी बसलेलें नव्हतें, चाकें सरळ होतीं, आणि कोठेंहि कांहीं लागत नव्हतें. दुकानदारानें समाधानानें मान डोलावली व पैशांचा व्यवहार पुरा झाला. पुढच्या मंगळवारीं घरांतील पांचहि जण देवीच्या दर्शनास तुळजापुरास निघाले. मागील बाकावर आजी, आई व धाकटी बहीण. डिकींत ओटीचें सामान आणि दिवसभराची शिदोरी. दिवस उसाच्या हंगामाचे. समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आला, तेव्हां गाडी डांबरावरून साईडपट्टीवर उतरली, मागचें चाक खालीं आपटलें आणि खर्र असा आवाज झाला. पुढें घाटांत प्रत्येक वळणावर तोच आवाज. आजी म्हणाली, "अरे, कांहीं जळतंय का रे? वास येतोय." चिरंजीव उत्तरले, "नवा टायर आहे आजी, थोडा घासून आपली जागा करून घेईल." तुळजापुरास उतरून पाहिलें तों टायरच्या बाहेरच्या खांद्यावरील रबराची बोटभर रुंद पट्टी सोलून निघालेली होती, आणि मडगार्डाच्या आंत वळविलेल्या पत्र्याचा कांठ आरशासारखा चकाकत होता.

टायर घासून आपली जागा करून घेतो, हा समज फार रूढ आहे आणि तो तितकाच घातक आहे. पत्रा झिजण्यापूर्वीं रबर झिजतें. रबराच्या आंत दोऱ्यांचे थर असतात. हवेचा दाब खरोखर त्यांनींच तोलून धरलेला असतो. ते एकदां उघडे पडले म्हणजे तो टायर केव्हां फुटेल हें कोणीच सांगूं शकत नाहीं. आणि तो दुकानाच्या फरशीवर उभा असतांना फुटत नाहीं, भरधांव जातांना फुटतो.

तेव्हां मापाकडे वळावें. पेन्सिल व कागद जवळ असल्यास श्रोत्यांनीं पुढील हिशेब सोबत मांडून पाहावा. तो मराठी चौथीच्या पलीकडचा नाहीं. स्विफ्टच्या वरच्या श्रेणीच्या गाडीस कंपनी १८५/६५ आर १५ या मापाचा टायर देते. हीं अक्षरें टायरच्या भिंतीवर उठविलेलीं असतात. त्यांतील १८५ म्हणजे टायरची मिलिमीटरांतील रुंदी. पण ती रस्त्यास टेकणाऱ्या भागाची नव्हे, तर फुगलेल्या भिंतीसकट असलेली जास्तींत जास्त रुंदी. ६५ हा शेंकडा आहे, म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ६५. आर हें अक्षर पुष्कळ लोक त्रिज्येचें समजतात व पंधरा इंचांची त्रिज्या धरून बसतात. वास्तविक तें रेडियल या शब्दाचें आद्याक्षर आहे. आंतील दोरे टायरच्या एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत काटकोनांत सरळ गेलेले असतात, अशी ती रचना. फ्रान्समधील मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं तिचें पेटंट घेतलें. शेवटचे १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळींत मिलिमीटर, शेंकडा आणि इंच अशीं तीन मापें गुण्यागोविंदानें नांदतात, ही जगांतील एक गंमतच म्हणावयाची.

आतां १८५ चे शेंकडा ६५ म्हणजे १२०.२५ मिलिमीटर. अशी भिंत वर एक आणि खालीं एक, म्हणून दुप्पट केली कीं २४०.५. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. दोहोंची बेरीज ६२१.५, हा संपूर्ण चाकाचा व्यास झाला. त्याच गाडीच्या खालच्या श्रेणीस कंपनी १६५/८० आर १४ हा टायर देते. त्याचा हिशेब केला तर व्यास ६१९.६ येतो. रिम एका इंचानें लहान, टायर २० मिलिमीटरांनीं अरुंद, आणि तरीहि व्यासांतील फरक दोन मिलिमीटरांचासुद्धां नाहीं. यावरून अभियंत्यांचा हेतु स्पष्ट दिसतो. रिम वाढली तर भिंत कमी करावयाची आणि व्यास जागच्या जागीं ठेवावयाचा. बलेनो गाडीच्या कांहीं श्रेणींस १८५/६५ आर १५ आणि कांहींस १९५/५५ आर १६ असे टायर कंपनीकडूनच मिळत आले आहेत. या दुसऱ्या मापाचा व्यास ६२०.९ भरतो. अर्धा-पाऊण मिलिमीटर इकडे-तिकडे, बस्स.

याच्या उलट, रिम तीच ठेवून केवळ गाडी उंच व दणकट दिसावी म्हणून कोणी २०५/६५ आर १५ बसविला, तर व्यास ६४७.५ होतो, म्हणजे त्रिज्या १३ मिलिमीटरांनीं वाढते. गाडी जमिनीपासून १३ मिलिमीटर उचलली गेली म्हणून मालक खूष होतो. पण चाकाचा आंस आणि वरची कमान यांतील अंतर स्प्रिंगनें ठरतें, टायरनें नव्हे. तें होतें तेवढेंच राहिलें आणि टायरचा माथा मात्र १३ मिलिमीटर वर सरकला. म्हणजे गाडी उंच झाली आणि फट कमी झाली. या दोन्ही गोष्टी एकदमच घडतात. पुष्कळांच्या ध्यानांत ही गोष्ट येत नाहीं, आणि उंच टायर लावल्यावर घासण्याची भीति उरली नाहीं असें ते धरून चालतात. शिवाय वेग दाखविणारें मीटर फसतें तें वेगळेंच: पूर्वीं जेथें खरोखरच शंभराचा वेग असे, तेथें कांटा शंभरावर असतांना गाडी आतां १०४ च्या वेगानें जात असते. मूळ व्यासापासून टक्क्या-दीड टक्क्याहून अधिक दूर जाऊं नये, हें बरें.

येथवरचा हिशेब पुष्कळ हौशी तरुणांस पाठ असतो. आमच्या टायरचा व्यास तंतोतंत जुळतो, मग घासण्याचें कारण काय, असें ते विचारतात. कारण असें कीं चाक वर-खालीं जसें वाढतें, तसेंच तें आडवेंहि वाढतें. आणि खरी गफलत होते ती या आडव्या मापांत.

रिमला तिची स्वतःची रुंदी असते व ती इंचांत मोजतात: साडेपांच, सहा, सात. त्या आंकड्यापुढें असलेलें जे हें अक्षर रिमच्या कांठाच्या घडणीचें आहे. परंतु रुंदीहून महत्त्वाची गोष्ट ही कीं ती रुंदी हबच्या आंत किती आणि बाहेर किती वांटली गेली आहे. चाक जेथें नटांनीं आवळलें जातें ती सपाट बैठक, आणि रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य, या दोहोंतील अंतरास ऑफसेट म्हणतात. रिमच्या आंतल्या बाजूस ईटी ४५ किंवा ईटी ३५ असा आंकडा कोरलेला सांपडतो, तो हाच. ईटी हीं अक्षरें एका जर्मन शब्दावरून आलेलीं आहेत. आंकडा मोठा असेल तर चाक गाडीच्या पोटांत अधिक जातें, लहान असेल तर बाहेर येतें. खरेदीच्या वेळीं रिमचा रंग, तिच्या आऱ्यांची नक्षी आणि किंमत यांविषयीं तासभर चर्चा होते. हा आंकडा मात्र शंभरांत पांच गिऱ्हाइकेंसुद्धां विचारीत नसतील.

एक उदाहरण घ्यावें. मूळ रिम साडेपांच इंची व ईटी ४५ आहे असें धरूं. तिचा मध्यापासून प्रत्येक कांठ ६९.८५ मिलिमीटर दूर. त्यांतून ४५ वजा केले तर बाहेरचा कांठ बैठकीपासून २४.८५ बाहेर, आणि ४५ मिळविले तर आंतला कांठ ११४.८५ आंत. आतां सात इंची, ईटी ३५ ची रिम आणली. तिचा अर्धा भाग ८८.९ मिलिमीटर. बाहेरचा कांठ आला ५३.९ वर आणि आंतला गेला १२३.९ वर. म्हणजे चाक बाहेरच्या बाजूस २९ मिलिमीटर सरकलें आणि आंत, शॉकॲब्सॉर्बरच्या दिशेनें, ९ मिलिमीटर. बाहेरचे २९ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दोन बोटें; मागल्या मडगार्डाच्या कांठानें रबर सोलावें यासाठीं एवढें पुरेसें आहे. तीच सात इंची रिम ईटी ४५ ची घेतली असती तर दोन्हीकडे १९-१९ मिलिमीटर वांटले गेले असते, आणि मग बाहेरचें संकट टळून आंत शॉकॲब्सॉर्बरशीं गांठ पडण्याचा संभव वाढला असता. परंतु सहा इंची व मूळच्याच ऑफसेटची रिम घेतली, तर दोन्ही बाजूंस अवघे सव्वासहा-साडेसहा मिलिमीटर वाढतात, आणि १९५ रुंदीचा टायर तीवर उत्तम बसतो. तुळजापुराच्या वाटेवर जें घडलें तें टाळण्यास एवढा त्रैराशिकाहूनहि सोपा हिशेब पुरेसा होता.

नटांचें वर्तुळ व मधलें भोंक यांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. अलीकडच्या स्विफ्टला चार नट आहेत, त्यांचें वर्तुळ १०० मिलिमीटर व्यासाचें आणि हबच्या तोंडाचा व्यास ५४.१ मिलिमीटर. बाजारांतील पुष्कळ रिमांचें भोंक याहून मोठें असतें. तसें असेल तर मध्यें योग्य मापाचें कडें बसवून घ्यावें. नाहीं तर चाक मध्यावर नीट बसत नाहीं व वेगांत स्टिअरिंग थरथरतें. वर्तुळच जुळत नसेल तर ती रिम कितीहि सुंदर असो, तिचा नाद सोडावा.

आतां दुकानाच्या फरशीवर जी परीक्षा झाली ती खोटी कां ठरली, हें पाहूं. चाक स्थिर नसतें. गाडी भरली कीं मागला भाग बसतो, आणि खड्डा लागला कीं चाक आणखी वर चढतें. म्हणून मागील चाकें बहुधा वरच्या कांठास, बाहेरच्या खांद्याला लागतात. पुढचीं चाकें वर-खालीं होतातच, शिवाय वळतात. म्हणून तीं पूर्ण वळविल्यावर बंपरच्या मागच्या कोपऱ्यास किंवा आंतल्या प्लास्टिकच्या अस्तरास लागतात, आणि आंतल्या बाजूनें ब्रेकच्या नळीजवळ जातात. या शेवटच्या स्पर्शाचा आवाजहि येत नाहीं; म्हणून तो सर्वांत वाईट. तिहींचा योग एकाच क्षणीं येतो तो प्रसंग सोलापूरकरांस परका नाहीं: गाडी भरलेली, समोर उसाचा ट्रॅक्टर, स्टिअरिंग डावीकडे, आणि डांबराचा तुटका कांठ उतरणारें चाक.

परीक्षा करावयाची तर ती अशाच स्थितींत करावी. तिला कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. शाळेंतला खडू आणि स्वयंपाकघरांतली घट्ट मळलेली कणीक पुरे. टायरच्या दोन्ही खांद्यांवर भोंवतीं खडूनें जाड रेघ ओढावी. कमानीच्या आंत, जेथें संशय असेल तेथें, कणकेचे लिंबाएवढे गोळे चिकटवावे. मग घरांतील माणसें गाडींत बसवावीं, डिकींत प्रवासाचें ओझें ठेवावें, आणि मोकळ्या मैदानांत गाडी अगदीं सावकाश चालवून स्टिअरिंग एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवावें. नंतर पुढचें एक चाक दोन विटांच्या उंचीवर चढवावें, मग त्याच्या तिरकस समोरचें मागचें चाक चढवावें. खडू कोठें पुसला गेला आणि कणीक कोठें, किती चेपली, हें पाहिलें म्हणजे सारें उघड होतें. चेपलेल्या गोळ्याची उरलेली जाडी हीच तेथील फट. ती करंगळीएवढी तरी असावी, कारण वेगांत बसणारा धक्का मैदानांतल्या विटेहून मोठा असतो. दुकानदार जाणता असेल तर तो एकच चाक आधीं बसवून अशी परीक्षा करूं देतो. टायर रस्त्यावर फिरविल्यावर मात्र तो कोणी परत घेत नाहीं. म्हणून ही कणीक पैसे देण्यापूर्वीं मळावी.

घासूं लागल्यावर जे उपाय सुचविले जातात त्यांतील बहुतेक मूळ रोगाहून वाईट आहेत. मडगार्डाचा आंतला कांठ ठोकून दुमडतात. त्यानें रंगाचा थर तडकतो, तेथें गंज धरतो, आणि फट वाढते ती चार-पांच मिलिमीटरच. चाक आंत लागत असेल तर हब व रिम यांमध्यें धातूची चकती घालून तें बाहेर ढकलतात. या चकतीला स्पेसर म्हणतात. तिनें नटांची पकड कमी होते, बेअरिंगवरचा ताण वाढतो, आणि आंतलें दुखणें बाहेर येतें एवढेंच. कोणी कडक स्प्रिंगा घालतात. मग चाक वर चढत नाहीं हें खरें. पण तो धक्का आजीच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोंचतो. दोनशें मिलिमीटरांच्या फटींत अडीचशें मिलिमीटर कोंबण्याची ही खटपट पाहून हंसावें कीं रडावें कळत नाहीं.

सोलापूरच्या उन्हाळ्याचाहि विचार मापांत केला पाहिजे. मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि डांबर त्याहून कितीतरी तापतें. हवेच्या उष्णतेंत पांच-सहा अंश वाढ झाली कीं टायरमधील दाब सुमारें एक पौंडानें वाढतो. म्हणून दाब सकाळीं, गाडी थंड असतांना तपासावा, आणि दुपारीं तो वाढलेला दिसला तर हवा सोडूं नये. हवा कमी असलेला टायर अधिक वांकतो, त्यानें अधिक तापतो, आणि खांदा पत्र्याला घासत असेल तर त्या उष्णतेची भर त्यांत पडते. भिंतीची उंचीहि येथें महत्त्वाची आहे. १८५/६५ आर १५ ची भिंत १२० मिलिमीटरांची, १९५/५५ आर १६ ची १०७ ची, आणि परदेशांत विकल्या गेलेल्या स्विफ्ट स्पोर्टच्या १९५/४५ आर १७ ची अवघी ८८ मिलिमीटरांच्या जवळ. तो शेवटचा टायर गुळगुळीत रस्त्यावर शोभतो. खड्ड्यांत तो रिम आणि दगड यांमध्यें चेपला जातो, त्याच्या भिंतीवर अंड्यासारखा फुगवटा येतो, आणि अलॉयची रिम तडकते.

मापापुढें जो आणखी एक आंकडा असतो तो भाराचा. ८८ या आंकड्याचा टायर ५६० किलो पेलतो, ८१ चा ४६२ किलो. रुंद टायर अधिक बळकट असें डोळ्यांस वाटतें. पण आंखूड भिंतीच्या टायरांत हवा कमी मावते, आणि ओझें पेलणारी ती हवाच असते. मूळ टायरपेक्षां कमी भारांकाचा टायर घेऊं नये, या नियमास अपवाद करूं नये. ज्यांच्या गाडींत नेहमीं पांच माणसें बसतात त्यांनीं तर नाहींच.

कायद्याचें म्हणणें थोडक्यांत असें: मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें निर्मात्यानें ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत असा बदल मालकास गाडींत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत या कलमाचा अर्थ कडक रीतीनें लावला, आणि त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अनधिकृत बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागें ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. अपघात झाल्यास विम्याची कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. कंपनीनें त्या गाडीच्या निरनिराळ्या श्रेणींस दिलेल्या मापांतच निवड केली म्हणजे ही कटकट मागें लागत नाहीं. तीं मापें ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठींत किंवा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत छापलेलीं असतात. तें पुस्तक हातमोज्यांच्या कप्प्यांत वर्षानुवर्षें न उघडतां पडलेलें असतें.

तुळजापुराहून परतलेल्या त्या घरीं शेवटीं काय झालें असेल, याची कल्पना करतां येते. सोललेला टायर गेला, सतरा इंची रिमा पडत्या भावानें विकाव्या लागल्या. चिरंजीव हिरमुसले, पण वडिलांनीं त्यांस जुन्या पोलादी चाकांवर परत जाण्याची सक्ति केली नाहीं, हें योग्यच केलें. गाडी वरच्या श्रेणीची असल्यानें पंधरा इंची, मूळच्याच रुंदीची व ऑफसेटची, सुबक आऱ्यांची रिम निवडली गेली, तीवर १८५/६५ चाच, पण चांगल्या पकडीचा टायर चढला, आणि पैसे देण्यापूर्वीं दुकानाच्या आवारांत कणकेचे गोळे लागले. आजी या खेपेसहि मागच्या बाकावर बसली होती. भाराचें काम तिच्याकडे होतें. नवीं चाकें बसविल्यावर अलाइनमेंट व बॅलन्सिंग करून घ्यावें, आणि साधारण शंभर किलोमीटर चालल्यावर सर्व नट टॉर्कच्या पान्यानें एकदां पुन्हा तपासून घ्यावे. सोलापूर ते तुळजापूर जाऊन-येऊन अंतर नव्वद किलोमीटरांच्या आसपास भरतें; घरीं परत आल्यावर चाकें थंड होऊं द्यावीं आणि मग पाना घ्यावा.